चारशे बारा रेघा

१

सोमवारी सकाळी साडेनऊला वाचनालयाचं दार उघडलं तेव्हा लांब टेबलावर चार लोखंडी वजनं होती, दोरीला बांधलेली पेन्सिल होती, आणि नकाशा नव्हता.

नकाशा म्हणजे काही हातरुमाल नव्हे, की इकडे तिकडे पडला असेल. चार हात लांब आणि अडीच हात रुंद कागद होता तो. खिडकीखाली पाच रस्ते एकमेकांच्या अंगावर येतात तो अख्खा चौक त्यावर छापलेला होता. नगरपालिका हा चौक नव्यानं बांधणार होती. मधे दगडी घड्याळाचा मनोरा, त्याभोवती गाड्यांचा गोल, आणि पायी चालणाऱ्यांनी लांबून वळसा घालायचा, असा बेत होता. त्याआधी लोकांची मतं घ्यायची म्हणून वाचनालयात एक पेटी ठेवली. पहिल्या आठवड्यात त्या पेटीतून तीन तक्रारी, एक कविता आणि एक चॉकलेटचा कागद निघाला.

मग वाचनालय सांभाळणाऱ्या ग्रंथपाल मुलीनं डोकं चालवलं. पेटी कपाटावर टाकली, टेबलावर नकाशा पसरला आणि येईल त्याला सांगितलं, "मत नको. तुम्ही रोज चौक कसा ओलांडता तेवढी एक रेघ काढा आणि टोकाला सही करा. जोर देऊन काढा हं, पुसट नको." माणसाकडे मत मागितलं की तो भाषण देतो, रेघ मागितली की खरं सांगतो. दोन आठवड्यांत चारशे बारा रेघा झाल्या. आज चार वाजता याच खोलीत सभा होती, आणि त्या रेघा बघून इंजिनिअर शेवटचं काय ते ठरवणार होते.

"फोटो काढला असशील ना?" आत्यानं विचारलं.

मुलीनं मोबाइल पुढे केला. फोटोत ट्यूबलाइटची चकाकी होती आणि कोपऱ्यात तिचाच अंगठा. पेन्सिलीची एक रेघ दिसेल तर शपथ.

आत्या तिची सख्खी आत्या होती, पण गावभर ती मोजणीआत्या म्हणूनच ओळखली जाई. जमीन मोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं नकाशे काढून ती निवृत्त झाली होती. खोलीत पाऊल टाकलं की आधी तिची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजायची आणि मग बसायचं, ही तिची खोड. कोणाचं कुंपण सरकलं, कोणाचे कागद गहाळ झाले, की लोक पोलिसांच्या आधी तिचं दार वाजवत.

"वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेला," भाची म्हणाली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. "म्हणाले, कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे किल्लीनंच उघडलंय, आणि किल्ली तुझ्या ताब्यात. चारच्या आत नकाशा टेबलावर नसेल तर उद्यापासून येऊ नकोस. आत्या, आठ वर्षं झाली गं मला इथे."

"किल्ल्या किती?"

"दोन. माझी घरी खिळ्याला टांगलेली असते. दुसरी खाली चावीवाल्यांकडे, अडीअडचणीला."

"शनिवारी तू कुलूप लावलंस तेव्हा नकाशा होता?"

"होता. काल रविवार, वाचनालय बंद."

आत्यानं घड्याळ पाहिलं. दहाला दहा कमी होते. "सहा तास म्हणजे पुष्कळ झाले," ती म्हणाली. "टेबलावरचं काहीही हलवू नकोस. आणि रडणं आता पुरे, सव्वाचारनंतर लागलं तर बघू."

२

वाचनालयाचा जिना गोल आणि चिंचोळा. सभेला साहेब लोक येणार म्हणून शुक्रवारीच त्याला चुना मारला होता. आत्या कठड्याला धरून उतरत होती आणि मधल्या वळणावर थांबली. पांढऱ्या भिंतीवर, कोपराच्या उंचीला, एक लांबट करडा डाग होता. तिनं बोट फिरवलं. बोट चकाकलं. शिसपेन्सिलीचा रंग तिला अंधारातही ओळखता आला असता. आयुष्यभर तोच तर नखांत घेऊन ती जेवली होती.

डाग उतरणाऱ्याच्या डाव्या हाताला होता, एवढं तिनं मनात नोंदवलं.

खाली चावीवाले कानसीनं एक किल्ली घासत बसले होते. नवा गोल झाला तर त्यांच्या दुकानाचे पुढचे तीन फूट जाणार, आणि लोकांच्या रेघांप्रमाणे रस्ता झाला तर पाच. तेव्हा संशयाला जागा होतीच.

"या आत्या, या. माझ्यावरच आला असाल," ते म्हणाले. "अहो, पण मी चोरी करायचीच तर किल्लीनं कुलूप उघडून करीन का? सगळं गाव म्हणेल, चावीवाल्यानंच केलं. मी आपली खिडकी फोडली असती."

"तुमच्याकडची किल्ली कुठे आहे?"

त्यांनी गल्ल्यामागचा डबा काढून दाखवला. किल्लीला बांधलेल्या दोऱ्यावर लाखेचा शिक्का होता, अखंड. "दर वर्षी शिक्का बदलतो. विश्वास माणसावर ठेवावा, किल्लीवर नाही," ते म्हणाले.

आत्यानं इकडे तिकडे बघितलं आणि भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडे बोट केलं. "हे मला द्याल का? कपाटात घालायला हवंय."

चावीवाल्यांनी कॅलेंडर काढलं, चित्र आत राहील असं गुंडाळलं आणि दोरा बांधून दिलं. आत्यानं थँक्यू म्हटलं आणि काखेत मारलं.

"एक सांगू?" चावीवाले चौकाकडे बघत म्हणाले. "गर्दीची या चौकाला सवयच आहे. माझ्या लहानपणी बायकांची असायची, पाण्याला. आता गाड्यांची आहे. भांडणं तीच."

आत्याच्या मनात काहीतरी टोचलं. पण कुठे टोचलं ते कळेना, आणि वेळ तर धावत होता.

३

वर येऊन ती रिकाम्या टेबलापाशी उभी राहिली. टेबलावर शाळकरी पोरांनी कंपासनं कोरीव काम केलेलं होतं, म्हणून भाचीनं नकाशाखाली एक जाड मऊ पुठ्ठा अंथरला होता. चोरानं तो नेला नव्हता. त्याला त्याचं काय काम?

आत्या वाकली. गाल पुठ्ठ्याला टेकेल इतकी वाकली आणि खिडकीच्या उजेडाकडे बघत राहिली.

"पोरी, तू लोकांना काय सांगायचीस? जोर देऊन काढा?"

"हो, नाहीतर पुसट..."

"पेन्सिल आण. मऊ, काळी. टोक नको, आडवी धरायची आहे."

दोघी दोन बाजूंनी पुठ्ठा घासू लागल्या. आधी नुसता करडा रंग चढला. मग त्या रंगात पांढरी रेघ उमटली, मग दुसरी, मग वीस, मग मोजता येईनात इतक्या. जिथे जिथे कोणी पेन्सिल दाबली होती तिथे पुठ्ठा खोल गेला होता, आणि खोल जागी रंग लागत नव्हता. भाचीचा हात थांबला. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली.

चारशे बारा माणसं तिथे चालत होती. शाळेत जाणारी, बाजारातून येणारी, कामाला उशीर झालेली. म्हाताऱ्यांच्या रेघा कापऱ्या होत्या, घाईवाल्यांच्या ताठ. पाच रस्त्यांनी रेघा आत येत होत्या, एकमेकींत मिसळत होत्या आणि पाच रस्त्यांनी निघून जात होत्या. आत्यानं उभ्या आयुष्यात हजारो नकाशे काढले होते, शेतांचे, घरांचे, नदीकाठांचे. माणसांचा नकाशा ती पहिल्यांदा बघत होती.

आणि मग तिला ते दिसलं.

चौकाच्या मधोमध, किंचित उजवीकडे, बशीएवढी जागा काळीच राहिली होती. तिथून एकही रेघ गेलेली नव्हती. सरळ येणारी रेघसुद्धा तिथे आली की हलकेच वाकायची, कडेनं जायची आणि पुन्हा सरळ व्हायची. चारशे बाराच्या चारशे बारा.

"तिथे काय आहे?" आत्यानं विचारलं.

"काहीच नाही," भाची म्हणाली. "डांबर आहे."

४

बाराला इंजिनिअर आले. तरुण होते, हुशार होते आणि आपल्या मनोऱ्याच्या प्रेमात होते. त्यांनी त्याचं चित्र सोबत आणलं होतं.

"नकाशा हरवला हे वाईट झालं," ते म्हणाले, "पण खरं सांगू, त्यानं फार फरक पडला नसता. सहा महिने यंत्र लावून मी मोजणी केलीय. दिवसाला बावन्न हजार गाड्या."

"आणि माणसं?"

"माणसं आम्ही गृहीत धरतो."

आत्यानं त्यांना पुठ्ठा दाखवला. ते वाकून रेघांवरून बोट फिरवत राहिले. मग ते सावध झाले. "हे फार सुंदर आहे. पण यावर सह्या उमटलेल्या वाचता येत नाहीत. उद्या कोणी म्हणेल, तुम्ही घरी बसून काढल्यात रेघा. मला मूळ कागद लागेल."

"देऊ. आधी मला सांगा, तुमचा मनोरा कुठे उभा राहणार?"

त्यांनी बोट ठेवलं. बरोब्बर त्या काळ्या बशीवर.

"वजन किती?"

"ऐंशी टन."

आत्या त्यांना खिडकीशी घेऊन गेली. खाली सिग्नल लागला होता आणि लोकांचा लोंढा रस्त्यात उतरला. फोनवर बोलणारा एक जण सरळ येत होता, नजर वर, जगाचं भान नाही. त्या जागेपाशी तो डावीकडे सरकला, पुढे गेला, बोलणं चालूच. मागून डोक्यावर टोपली घेतलेली बाई आली, तीही सरकली. पोराचं बोट धरलेला बाप सरकला आणि पोरगं त्याच्या आधी सरकलं. कोणी खाली बघितलं नाही, कोणी अडखळलं नाही. ओढ्याच्या मधोमध दगड असावा तसे लोक तिथे दुभंगत होते आणि पलीकडे जुळत होते.

मग एक बस त्या जागेवरून गेली. आत्यानं खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला होता. तिला बारीकशी थरथर जाणवली. इंजिनिअरांनाही जाणवली असावी, कारण त्यांनी चौकटीवरचा हात काढून बघितला आणि पुन्हा ठेवला.

"पायांना कळतं," आत्या म्हणाली. "डोक्यापर्यंत बातमी पोचत नाही, पण पायांना खाली पोकळ आहे हे कळतं."

इंजिनिअरांचा चेहरा उतरला. "पण जुन्या नकाशावर तिथे काही नाही. मी सरकारी नकाशा पाहिलाय. कोरी जागा आहे."

आत्या खिडकीपासून परत टेबलाशी आली. तिनं विचारलं, "तुमचं ते चित्र जरा गुंडाळून देता?"

त्यांनी चित्र आत ठेवून गुंडाळलं, चावीवाल्यांसारखंच. कोणीही असंच गुंडाळतं. चित्र खराब होऊ नये म्हणून. पण जिन्याच्या भिंतीला शिसं लागलं होतं. म्हणजे ज्यानं नकाशा नेला त्यानं रेघा बाहेर ठेवून गुंडाळला होता. तसं फक्त मोजणीच्या कचेरीत करत. रेघा बाहेर ठेवल्या की कागद पुन्हा पसरताना कडा वर वळत नाहीत, टेबलाला चिकटून राहतात. तिच्या साहेबांनी हे तिला पट्टी मारून शिकवलं होतं.

त्या कचेरीतली बाकीची माणसं कधीच गाव सोडून गेली होती किंवा जग सोडून. तिनं हे घरी एकाला शिकवलं होतं. त्याचा उजवा गुडघा दुखे, म्हणून जिना उतरताना त्याचा उजवा हात कठड्यावर असे आणि सामान डाव्या काखेत. आणि भाचीची किल्ली जिथे टांगलेली असे तो खिळा त्याच्याच घरात होता.

आत्या खुर्चीवर बसली आणि भाचीकडे बघायचं तिनं टाळलं.

५

रस्तेबांधणीचे निवृत्त मुकादम आपल्या खोलीत जमिनीवर बसले होते. समोर नकाशा पसरला होता, कडा जमिनीला चिकटलेल्या. बहीण दारात उभी आहे हे कळूनही त्यांनी मान वर केली नाही.

"ये ताई. मला वाटलंच होतं तू येशील."

"बाळ, तुझी पोरगी सकाळपासून रडतेय." भाऊ सहासष्ट वर्षांचा असला तरी तिच्या तोंडी तो बाळच होता.

"माहीत आहे. दहाला नेऊन ठेवीन म्हटलं, मग बाराला म्हटलं. उठवेना." त्यांनी बोट नकाशावर ठेवलं. "शनिवारी तिला डबा द्यायला गेलो होतो, तेव्हा बघितलं. ताई, मी कोणाला बोललो नाही. अठ्ठावीस वर्षांत जिवंत माणसाला बोललो नाही. आणि हे बघ, सगळ्यांनी काढून ठेवलंय. चारशे माणसांनी. मी आयुष्यात असा घाबरलो नाही, आणि असं काही बघितलंही नाही."

"विहीर," आत्या म्हणाली. आता तिला चावीवाल्यांच्या बोलण्यातलं नेमकं काय टोचलं ते कळलं होतं.

"रस्ता तीन दिवसांत उघडायचा होता. भरावाच्या गाड्या आल्या नाहीत. मी वर काँक्रीटची फरशी टाकली, खडी टाकली, डांबर ओतलं. म्हटलं आठवड्यानं बाजूनं उघडून भरून टाकू. आठवड्यानं बदलीच झाली. वहीत तोवर लिहून टाकलं होतं, विहीर बुजवली."

"आणि जेवताना मला सांगितलंस."

"हो."

आत्याला ते जेवण लख्ख आठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं ब्लेडनं नकाशावरचं विहिरीचं वर्तुळ खरवडून काढलं होतं. कचेरीचा नियम होता, जागेवर जाऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय खूण काढायची नाही की पुसायची नाही. एकतीस वर्षांत तिनं तो नियम एकदाच मोडला. बघायला कशाला जायचं, बाळनंच तर काम केलंय, असं तिला वाटलं होतं. ती कोरी जागा तिची होती. त्या कोऱ्या जागेवर विश्वास ठेवून एका हुशार पोरानं ऐंशी टनांचा मनोरा आखला होता.

ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघं म्हातारी माणसं बराच वेळ त्या रेघा बघत राहिली.

"तुला लपवायलाच न्यायचा होता ना?" तिनं विचारलं.

"हो. उगाच खोटं कशाला बोलू? मनोऱ्याचं ऐकलं तेव्हापासून झोप नाही. पण तोंड उघडेना."

तीन वाजून गेले होते. आत्या गुडघ्यावर हात देऊन उठली. "नकाशा मी नेऊन ठेवते, पोरीची नोकरी वाचेल. पण मनोऱ्याचं तुला बोलायला लागेल. मी बोलले तर लोक म्हणतील भावाला पकडून दिलं. तू बोललास तर कबुली होईल. खाडाखोड माझी आहे, ते मी माझ्या तोंडानं सांगेन."

मुकादम नकाशावरून मागे सरकले. ती नकाशा गुंडाळू लागली, रेघा बाहेर ठेवून. दारातून बाहेर पडली तेव्हाही ते जमिनीवरच बसलेले होते.

६

चारला पाच कमी असताना नकाशा टेबलावर होता. कागद असा चपखल बसला की वजनांची गरजच नव्हती. अध्यक्षांनी सह्या तपासल्या, घसा खाकरला आणि भाचीकडे बघून "ठीक आहे" म्हणाले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. भाचीनं आत्याकडे बघून नुसतेच ओठ हलवले, कोणी? आत्यानं मान हलवली. थांब जरा.

खोली गच्च भरली होती. रेघा काढणारे सगळे आपापली रेघ शोधत होते. "ही माझी!" "अहो ही माझी, तुमची त्या बाजूची!" चावीवाले खिडकीत बसून होते. सभा सुरू झाली आणि आत्या दाराकडे बघत राहिली. सव्वाचार झाले. इंजिनिअर बोलायला उभे राहिले आणि जिन्यावर पाऊल वाजलं. एक पाऊल, मग कठड्याचा आवाज, मग दुसरं पाऊल.

मुकादम दारात आले. दमले होते. सगळ्यांनी बसायला जागा केली, पण ते बसले नाहीत.

"नकाशा मी नेला होता," ते म्हणाले. "माझ्या मुलीचा त्यात काही दोष नाही. का नेला ते सांगतो."

त्यांनी सांगितलं, वर न बघता, एका दमात. मग आत्या उठली आणि तिनं ब्लेडचं सांगितलं. खाली बस थरथरत गेली आणि खोलीतल्या प्रत्येकानं ती ऐकली.

इंजिनिअर पहिले हलले. त्यांनी फोन काढला आणि चौक बंद करायला सांगितला. पलीकडून कोणीतरी हुज्जत घालत असावं, कारण ते एकदम ओरडले, "बावन्न हजार असोत नाहीतर बावन्न लाख, एक गाडी सोडू नका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डांबर उकरलं. पाचही रस्त्यांच्या तोंडाशी दोर बांधले होते आणि दोरापलीकडे गाव उभं होतं. चौक इतका शांत कोणी कधी पाहिला नव्हता. रोजचे लोक आपल्याच चौकाकडे परक्यासारखे बघत होते. कामगारानं फरशीवर पहार मारली. पहिल्याच घावाला पहार आरपार गेली आणि त्याच्या हातातून सुटली. मग खालून, फार खालून, पाण्याचा आवाज आला.

फरशी वीतभर जाडीची टाकली होती, खालून झिजून ती दोन बोटं उरली होती. त्या झिजत्या फरशीवरून अठ्ठावीस वर्षं बसगाड्या गेल्या होत्या. इंजिनिअर पालथे पडून कडेवरून आत बघत होते. उठले तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले होते आणि ते कोणापासून लपवायचं त्यांना सुचलं नाही. "दगडी बांधकाम आहे, जुनं," ते म्हणाले. "तळाशी पाणी आहे. आभाळ दिसतंय त्यात." एकेकाला कमरेला दोर बांधून त्यांनी बघू दिलं. लोक रांगेनं येत, वाकून बघत आणि परत जात. टोपलीवाल्या बाईनं हात जोडले. कोणाला, ते तिलाही ठाऊक नसावं.

मुकादम फूटपाथच्या कडेला बसले होते. सगळ्यांना दिसतील असे, एकटे. उद्यापासून त्यांची चौकशी सुरू होणार होती, तशी चिठ्ठी सकाळीच आली होती. लोक त्यांच्याजवळ येत आणि जरा बाजूला सरकून पुढे जात.

भाची दोरापाशी उभी होती. रात्रभर ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. आत्या तिच्या शेजारी होती, पण आत्यानं तिला काही सुचवलं नाही. भाचीनं एकदा विहिरीकडे बघितलं, एकदा बापाकडे. मग ती रस्ता ओलांडून सरळ चालत गेली आणि फूटपाथवर त्यांच्या शेजारी बसली.

"बाबा," ती म्हणाली, "शनिवारी डबा दिलात तेव्हाच सांगायचं होतंत."

"धीर झाला नाही गं."

"मग काल माझी नोकरी जाताना?"

मुकादमांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिनं त्यातला एक हात आपल्या हातात घेतला आणि घट्ट धरून ठेवला, आणि सगळं गाव बघत असताना तशीच बसून राहिली.